आजोबांची ३१५ रायफल: नळी बदलावी का विकून टाकावी?

गोदाकाठचा
२ जून २०२५

राम राम मंडळी. हितं ट्रॅक्टरचे, मोटारीचे, फवारणीचे प्रश्न चालतात, बंदुकीचा चालतो का माहीत नाही, पण दुसरीकडं कुठं विचारावं ते कळंना म्हणून हितंच विचारायलो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात सोनपेठकडं, गोदावरीच्या काठाला. घरात लायसनची दोन हत्यारं हायेत. एक माझ्या नावावरची बारा बोअरची दुनळी, ती जागलीला रानात असते. दुसरी बाबांच्या नावावरची ३१५ रायफल, मूळ आजोबांची. त्यांनी हैदराबादला सेकंडहँड घेतली होती, १९६४ ची पावती अजून ट्रंकेत हाये. तवा शिकारीला बंदी नव्हती, आजोबा अन त्यांचे दोस्त किनवटच्या जंगलात जायचे म्हणे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला अन रायफल भिंतीवरून कपाटात गेली ती गेलीच.

आता अडचण अशी की गेल्या वर्षी लोकसभेला एकदा अन विधानसभेला एकदा अशी दोनदा ठाण्यात जमा करावी लागली, बाबांनी चामड्याच्या खोळीसकट दिली, अन परत आणल्यावर नळीतून उजेडाकडं बघितलं तर आत काळे डाग अन बारीक खड्डे, देवीच्या वणासारखे. आधी बी काही आरशासारखी नव्हती, चार-पाच वर्षांखाली परवानगी काढून रेंजवर पाच गोळ्या मारल्या होत्या तर ५० मीटरवर टोपल्याएवढ्या पसरल्या होत्या. म्हणजे रोग जुनाच असंल.

बाबा ७४ वर्षांचे हायेत, म्हणायलेत की आता तुझ्या नावावर करून घे. मी म्हणायलो की करून घेऊन करू काय? एका दुकानदारानं तशीच द्या म्हणून ३० हजार सांगितले. दुसरा म्हणला नळी बदला, नवी होऊन जाईल. अन आमच्या ओळखीचा एक लेथवाला हाये एमआयडीसीत, तो म्हणला चांगलं स्टील आणून दे, मी काढून देतो नळी, त्यात काय एवढं.

तर विकावी का नळी बदलावी? रानात डुकरं अन रोही (नीलगायी) लई झालेत, सोयाबीन पेरलं की हरणाचे कळप येऊन कोंब खाऊन जातात, त्यामुळं हत्यार लागतंच असं बाबांचं म्हणणं. धाकटा भाऊ पुण्यात असतो, त्याला यातलं काहीच नको, फक्त आजोबाचा फोटो रायफलीसोबतचा तेवढा फ्रेम करून मागितला त्यानं.


किनवटकर

आमच्याकडं द्या 😄 हितं एका रात्रीत एकरभर ज्वारी आडवी करायलेत डुकरं. नळी कशी बी असू द्या, नुसता आवाज झाला तरी बस.


फौजी_उदगीर

पहिली गोष्ट, तो लेथवाला. त्याचा फोन नंबर आजच काढून टाका. हे मस्करीत म्हणत नाही. गोळी सुटते तेव्हा नळीच्या मुळाशी जो दाब होतो तो सहन करणारं स्टील वेगळं असतं, त्याला उष्णतेची प्रक्रिया केलेली असते, अन नळी बनली की जास्त दाबाचं काडतूस मारून तिची चाचणी होते तेव्हा तिच्यावर छाप बसतो. एमआयडीसीतल्या लेथवर निघेल तो नुसता पाइप. फुटला तर तुमच्या गालाजवळ फुटेल. कायद्याचं काय ते वकील लोक सांगतील.

आता रायफलीचं. मी फौजेच्या ईएमईत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, थ्री नॉट थ्री हातातून किती गेल्या मोजल्या नाहीत. तुमची ३१५ तिचीच बहीण, बोल्ट, मॅगझीन सगळं त्याच घराण्यातलं, फक्त काडतूस वेगळं. इंग्रजाला सिव्हिलियन माणसाच्या हातात फौजेचं काडतूस द्यायचं नव्हतं म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅनलिकरचं ८ बाय ५० चं काडतूस घेतलं अन ३१५ केली. आपल्या बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीनं पुढं तीच चालवली.

नळी गेली असं एवढ्यात म्हणू नका. आधी ती धुवा. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळालं की मागं मीठ उरतं, आपल्या खायच्या मिठाचाच चुलतभाऊ समजा. ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं अन लोखंड खातं. तेलानं ते जात नाही, पाण्यानंच जातं. म्हणून फायरिंग झालं की आम्ही नळीतून उकळतं पाणी ओतायचो, नळी चटका बसेल इतकी गरम झाली की आपोआप कोरडी पडते, मग तेल. आजोबांना हे माहीत असेल, तुमच्या बाबांना बहुतेक नसेल. अन चामड्याची खोळ! चामडं ओलावा धरून ठेवतं, कमावताना वापरलेली रसायनं वेगळीच. खोळीत घालून कपाटात ठेवलेली रायफल म्हणजे ओल्या पोत्यात ठेवलेली विळी. ठाण्यात काय झालं ते झालं, पण अर्धा गंज खोळीचाच असणार.

मॅगझीन काढा, बोल्ट काढा, रिकामी आहे का ते डोळ्यानं बी बघा अन बोटानं बी बघा. बोल्ट निघतो म्हणून मागच्या बाजूनं साफ करता येते, मागूनच करा, तोंडाकडून रॉड घालू नका. ब्रश, सॉल्व्हंट, चिंध्या, अन सबुरी. चिंधी काळी येईल, मग तांबूस, मग हिरवट निळी येईल, ते हिरवं म्हणजे गोळीच्या आवरणाचं तांबं. ते थर निघेपर्यंत खाली काय आहे ते कळतच नाही. मला एकदा असाच एक निवृत्त अधिकारी रायफल घेऊन आला होता, नळी बाद म्हणून, चार दिवस धुतली तर आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळाच्या खाचा, असे निघाले की तोच लाजला.

धुतल्यावर चार गोष्टी बघा. उजेडाकडं धरून बघताना कुठं अंगठीसारखी काळी कडी दिसते का. दिसली तर तिथं नळी फुगलेली आहे, मग तिच्यातून पुन्हा एक बी गोळी मारायची नाही, विषय संपला. दुसरं, तोंड. पूर्वी दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायचे, दोरी एकाच कडेला घासत राहिली की विहिरीच्या काठाला सोलाचा व्रण पडतो तसा तोंडाला पडतो, अन गोळी सुटताना तिरपी होते. टोपल्याएवढ्या गोळ्या पसरायचं हे एक मोठं कारण, अन त्याला सगळी नळी बदलावी लागत नाही. तिसरं, रेंजवरचे कागद अजून असले तर भोकं बघा. गोल आहेत का लांबट? लांबट भोक म्हणजे गोळी आडवी पडून लागली, मग आटे खरंच झिजलेत.

चौथं कोणी बघत नाही, लाकूड. या रायफलीचं पुढचं लाकूड नळीला कसं टेकतं त्यावर तिचा निम्मा नेम असतो. आपल्याकडं एप्रिल-मेत काय होतं तुम्हाला सांगायला नको, बैलगाडीच्या चाकाची धाव ढिली होते तर रायफलीचं लाकूड सोडतं का. सुकतं, स्क्रू ढिले होतात, नळी हलायला लागते. फौजेत लाकडाला कच्चं जवसाचं तेल चोळायचे. तुमच्याकडं जवस होतंच, घाण्याचं काढून आणा, उकळलेलं नको.

अन खड्डे म्हणाल तर खड्ड्यांची नळी दिसायला वाईट, साफ करायला कटकटीची, पण तिच्यातून गोळी सरळ जाऊ शकते. मी बघितलंय.


गोदाकाठचा

फौजी काका, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. कागद हाये, आत्ताच काढून बघितला. भोकं गोलच हायेत. आजोबांची साफ करायची दोरी बी हाये, तिला पितळी वजन हाये टोकाला. अन जवसाचं तेल तर बाबा चटणीवर खातात 😅


सातबारा_वकील

दोन्ही बाजूंचं ऐकलं, आता रूक्ष भाग मी सांगतो, नांदेडला प्रॅक्टिस आहे आणि शस्त्र परवान्याची प्रकरणं अधूनमधून येतात.

लेथवाल्याबद्दल: शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, दुरुस्त करणं, विकणं याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडं बंदूक बाळगायचा परवाना आहे म्हणून तुम्ही कुठल्याही कारागिराकडून नळी बनवून घेऊ शकता असं अजिबात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यात कमीत कमी ७ वर्षं शिक्षा आहे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. तोंडाकडून गंजली म्हणून दोन इंच कापून टाकू असा विचार कोणी सुचवला तर ते सुद्धा करू नका, नळी आखूड करण्यासाठी कलम ६ वेगळं आहे, शिक्षा तीच. जे काय करायचं ते परवानाधारक दुकानातूनच, पावती घेऊन, आणि परवान्यावरचा नंबर ज्या भागावर आहे तो भाग बदलणार असेल तर आधी लेखी विचारून. नाहीतर पुढच्या नूतनीकरणाला नंबर जुळला नाही की तुम्ही कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत सकाळ संध्याकाळ दिसाल.

नावावर करण्याबद्दल: शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं असेल तर हयातीतच वारसाच्या नावे करता येतं, म्हणजे तुमच्या वडिलांचं बसतं. पण थांबा. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं. आधी तीन चालायची. वारसाहक्कानं आलेली असली तरी दोनच. तुमच्याकडं दुनळी आहे, रायफल घेतली की कोटा भरला. उद्या काही वेगळं घ्यायचं झालं तर यातलं एक सोडावं लागेल. जी रायफल वापरायचीच नाही तिच्यासाठी ती जागा अडवायची का, हा खरा प्रश्न आहे, नळीचा नंतर.

विकायची झाली तर खाजगीत विकता येते, पण घेणाऱ्याकडं त्याच बोअरचा परवाना पाहिजे, आणि त्याचं नाव पत्ता लिहून जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवायचं, कळवल्यापासून ४५ दिवस झाल्याशिवाय हत्यार द्यायचं नाही. लोक हे ४५ दिवस विसरतात. पैसे घेऊन रायफल हातात देतात आणि मग माझ्याकडं येतात.


आष्टीकर

वकील साहेब कायदा बरोबर सांगतात पण रानात राहून बघा म्हणावं. २०२० ला आमच्याकडं बिबट्यानं माणसं मारली तेव्हा रात्री परसाकडं जायची सोय राहिली नव्हती. ज्याच्या घरी रायफल होती त्याच्या वाड्यात गाव झोपायला. आता हत्यार विकलं की पुन्हा मिळत नाही हे लक्षात ठेवा, बीडला तर या वर्षी उलट किती जणांचे परवाने रद्द केले. मी म्हणतो नळी बदला, काय लागतील ते लागतील, घरात असू द्या.


सातबारा_वकील

दादा, भीती कळते, पण त्या बिबट्याला शेवटी वन खात्याच्या आदेशानं करमाळा तालुक्यात मारलं, कोणा गावकऱ्यानं आपल्या रायफलीनं नाही. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाशिवाय त्याच्यावर कोणी नेम धरू शकत नाही. डुक्कर आणि रोही यांचं थोडं सैल आहे, पिकाचं नुकसान होत असेल तर त्याच कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, पण लेखी, आधी, आणि त्यात लिहिलेल्या अटींवर. "माझ्या रानात आलं म्हणून मारलं" हे उत्तर चालत नाही. हरणाचा तर विचारच नको, काळवीट पहिल्या अनुसूचीत.

आणि किनवटकर, तुम्ही मस्करीत म्हणालात तरी सांगून ठेवतो, अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव कायद्याप्रमाणे वेगळी नोंदणी करावी लागते. तुमच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे, आपलं गाव त्यात येतं का बघून घ्या.


किनवटकर

नुसतं हसलो होतो साहेब, तर कायदा मागं लागला 🙏 पण हे १० किलोमीटरचं खरंच माहीत नव्हतं. बघतो.


फौजी_उदगीर

आष्टीकर भाऊ, तुमच्या भीतीला मी नाव ठेवत नाही. पण एक गोष्ट जमिनीची. सोनपेठची जमीन म्हणजे तव्यासारखी सपाट, गोळी अडवायला ना टेकडी ना बांध. ३१५ ची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्या पुढं बी जाऊ शकते, अन रात्री अंधारात तिकडं कोणाची वस्ती आहे, कोण पाणी द्यायला मोटार चालू करायला उठलंय, तुम्हाला काय दिसणार. बारा बोअरचे छर्रे त्यामानानं लवकर दम सोडतात. जागलीला दुनळीच शहाणी. रायफल डोंगरातल्या माणसाचं हत्यार.

अन नळी बदलायची म्हणजे काय ते बी ऐका, कारण लोकांना वाटतं मोटारीचा पाइप काढून दुसरा लावला. नळी बॉडीत स्क्रूसारखी आट्यांवर बसते अन शेवटी अशी घट्ट यावी लागते की माशी, म्हणजे टोकावरची नेम धरायची खूण, बरोबर माथ्यावर उभी राहील, जरा डावीउजवी राहिली तर जन्मभर नेम तिकडंच. मग हेडस्पेस. हे काडतूस आपल्या बुडाच्या कडेवर टेकतं, तर बंद बोल्ट अन नळी यांच्या मधी त्या कडेपुरतीच जागा पाहिजे. कमी झाली तर बोल्ट मिटत नाही, जास्त झाली तर काडतुसाची पितळी खोळ ताणून मधीच तुटते अन गरम वायू मागं येतो, मागं म्हणजे तुमचं तोंड. हे गेजनं मोजतात, डोळ्यानं नाही. वरून चांगली ३१५ ची नळी सुटी आणायची कुठून? फॅक्टरीची मिळाली तर मिळाली. ज्यानं तुम्हाला "नवी होऊन जाईल" म्हणलं त्याला विचारा नळी कोणाची, चाचणीचा छाप कोणाचा, गेज आहे का. तीन प्रश्नात गडी गप्प होईल.

एक विचारायचं राहिलं. ईशापूरचीच आहे ना? छाप काय आहे नळीवर?


गोदाकाठचा
५ जून

काका, मी ईशापूरचीच समजत होतो, सगळ्या ३१५ तिथल्याच असतात ना? आज धुतली, म्हणजे तीन दिवस धुवायलो, बायको म्हणायली आमची भांडी बी एवढी घासत जा कधी. हिरवी चिंधी अजून थोडी येती. पण आटे दिसायलेत! मधी मागच्या बाजूला चांगले हायेत, तोंडाकडं तीन-चार बोटं खड्डे जास्त. कडी नाही कुठं.

छाप असा हाये: तीन बंदुका एकमेकीला टेकवून उभ्या केल्यात, शेतात कडब्याची पेंढी उभी करतात तशा, अन बारीक बारीक मुकुट, त्याच्या खाली इंग्रजी अक्षरं बीव्ही अन एनपी. नळीवर, बोल्टवर अन बॉडीवर एकच नंबर.


देगलूरचा_मामू

ओ गोदाकाठचे भाऊ, थांबा जरा, हात लावू नका तिला!!

मी जवानीत हैदराबादला आबिडच्या बाजूला बंदुकीच्या दुकानात कामाला होतो, आता वय झालं, नातू टाइप करून देतोय. तीन बंदुका उभ्या हा छापा बीएसएचा, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, विलायती कंपनी. पुढं लोकांना ती मोटारसायकलीमुळं माहीत झाली पण मूळ धंदा बंदुकीचाच. अन मुकुटाखाली बीव्ही, एनपी म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे छाप, फौजी साहेब म्हणाले ना चाचणीचा छाप, तोच. निजामाच्या वक्ताला अन नंतर बी हैदराबादला अशा विलायती रायफली फार यायच्या, जहागीरदार मंडळी घ्यायची, पोलीस ॲक्शननंतर अन जहागिऱ्या गेल्यावर एकेक करून दुकानात विकायला आल्या. तुमच्या दादांनी ६४ ला सेकंडहँड घेतली म्हणता, हिशोब बरोबर बसतो.

आता ऐका बात. नळी बदलली की तुमच्याकडं काय राहिलं? बॉडी विलायती, नळी कोणाची तरी, नंबर एक नाही, छाप गेला. ज्याला शौक आहे तो असली माल बघतो, तिन्ही नंबर एक, प्रूफचा छाप जागेवर, अन जुनी पावती. पावती म्हणजे तर सोनं आहे, लॅमिनेशन करू नका तिचं फक्त. बाहेरून रायफल मागवणं आम आदमीला ऐंशीच्या दशकापासून बंद झालं, आता फक्त नेमबाजी खेळणाऱ्या मोठ्या खेळाडूंना परमिशन मिळते. म्हणून जी विलायती चीज देशात आहे तेवढीच आहे. तोंडाकडं खड्डे असतील तर असू द्या, म्हाताऱ्याच्या तोंडावर सुरकुत्या असतातच की.

तो ३० हजारवाला दुकानदार तुम्हाला नळी खराब म्हणला, छापा बघून काही नाही म्हणला? त्यानं बघितला असणार. आम्ही बी असंच करायचो, खरं सांगतो, अल्ला माफ करो.


गोदाकाठचा

मामू 🙏🙏 बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणले आजोबा तिला "विलायती" च म्हणायचे, आम्हाला वाटायचं लाडानं म्हणतात.


फौजी_उदगीर

मामूंनी बरोबर पकडलं. मी मागं म्हणलं होतं तोंडाचा झिजलेला भाग, दोरीचा व्रण, त्याला परवान्याच्या दुकानात आतून थोडं खोदून नवं तोंड करता येतं, नळीची लांबी तशीच राहते. पण विकायची असेल तर ते बी करू नका. घेणाऱ्याला करायचं ते तो करेल. फक्त गंज वाढू देऊ नका, लाकूड घट्ट करा, बस.


नवखा_लातूर

मधीच विचारतो, माझ्याकडं आजोबांची जुनी काडतुसं आहेत ८५-८६ सालची, ती चालतात का?


फौजी_उदगीर

चालतात का नाही हे ती उडेपर्यंत कळत नाही, म्हणूनच उडवू नका. कधी टोपी पेटते अन आतली दारू उशिरा पेट घेते. माणसाला वाटतं फुसकी निघाली म्हणून बोल्ट उघडतो अन तेवढ्यात. फुसकी निघाली तर नळी समोर धरून चांगला वेळ थांबायचं. तुमची काडतुसं परवान्याच्या दुकानात जमा करा अन पावती घ्या. विहिरीत, नदीत टाकू नका, लोक टाकतात.


आष्टीकर

मी माझा शब्द मागं घेतो, नळी बदलू नका. पण विकू बी नका असंच म्हणेन. विलायती आहे म्हणता, मग तर ठेवाच.


गोदाकाठचा
२० जुलै २०२५

उशीर झाला, पेरणीत होतो. मृगानं दगा दिला, एक दुबार करावी लागली, ते असो.

काय झालं ते सांगतो. रायफल बाबांना सोबत घेऊन दुसऱ्या एका जुन्या दुकानात नेली, तिथले म्हातारे गृहस्थ अर्धा तास नुसते बघत बसले. फौजी काकांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी पुढचं लाकूड काढलं तर आतला स्क्रू दीड फेरा ढिला निघाला. तोंडाला दोरीचा व्रण हाये, खालच्या बाजूला, नखाला लागतो. नळी बदलायचं विचारलं तर म्हणले मी करून देणार नाही, दुसऱ्या कोणाकडून केली तर माझ्याकडं आणू नका.

मग घरी बसलो सगळे, धाकटा बी पुण्याहून फोनवर होता. ठेवायची म्हणावं तर बाबांच्या नंतर माझा दोनाचा कोटा तिच्यात अडकणार, वर्षातून दोन निवडणुका आल्या की दोनदा ठाण्यात, आता झेडपीच्या बी येणार म्हणायलेत, दर वेळेला गंज थोडा वाढणार. रानात ती चालवायची नाही हे फौजी काकांनी डोक्यात घातलंच हाये. डुकरासाठी या वर्षी सौरऊर्जेची झटका मशीन लावलीय तीन एकराच्या कुंपणाला, बरं चाललंय, रोही मात्र उडी मारून येतातच. म्हणजे रायफलीचं काम काय, तर कपाटात असणं. बाबा लई वेळ गप होते. मग म्हणले, विकायची तर विक, पण ज्याला तिचं नाव माहीत हाये त्यालाच दे.

जालन्याकडचे एक गृहस्थ मिळाले, ३१५ चा परवाना त्यांच्याकडं हाये, जुन्या रायफलीचा नाद हाये. पावती बघून त्यांनीच मामूंनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. किंमत दुकानदाराच्या आकड्याच्या दुपटीच्या वर ठरली, एवढंच सांगतो, सोनपेठचं कोणी हितं असलं तर उगी चर्चा नको. वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ३० जूनला बाबांच्या सहीचं पत्र दिलं, घेणाऱ्याचं नाव पत्ता, परवान्याची झेरॉक्स, पोच घेतली. जुनी ११ काडतुसं जमा केली, त्याची बी पावती हाये. चामड्याची खोळ आम्हीच ठेवली, रायफल जुन्या सुती चादरीत तेलाचं बोट फिरवून गुंडाळलीय.


देगलूरचा_मामू

बहोत खूब. पावतीची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, असल त्यांना द्या, ती रायफलीसोबतच राहिली पाहिजे.


फौजी_उदगीर

४५ दिवसांच्या आत त्यांनी कितीबी गोड बोललं तरी देऊ नका. लाकडाला तेल लावलं का?


गोदाकाठचा

लावलं म्हणजे काय काका, बाबा रोज सांजच्याला ओसरीवर बसून जवसाचं तेल चोळायलेत दस्त्याला. काल मी म्हणलं, बाबा आता दुसऱ्याची झाली ती, कशाला हात दुखवून घ्यायलाव. तर म्हणले, अजून २५ दिवस हायेत.